एका ओव्हनमधल्या पट्ट्या

दादाचे हात भाजल्यापासून मला कशाचंच काही वाटेनासं झालंय. वहिनी रडते, मी शेजारी बसून भाजी निवडते. "अगं, दगड आहेस का तू?" ती म्हणाली. असेन बाई.

दादा आमच्या रंगाच्या कारखान्यात फिटर. टाकीच्या झाकणाचं रबरी सील फाटलं आणि रंग पातळ करायचं गरम सॉल्व्हंट त्याच्या हातांवर उडालं. त्यानेच बोल्ट वाजवीपेक्षा जास्त आवळले, असं साहेबांनी ठरवून टाकलं. दोष त्याच्यावर राहिला तर नोकरी गेलीच. आणि दादा हूं की चूं करेना.

ते सील नव्या, स्वस्त मिश्रणाचं. पास झालं ते कारखान्याच्याच लॅबमध्ये, म्हणजे आमच्याकडे. रबराच्या पट्ट्या कापून सॉल्व्हंटमध्ये त्या किती फुगतात ते मी बघते. ओव्हनच्या उष्णतेने रबर किती म्हातारं होतं ते माझा लॅबमधला जोडीदार तुफान बघतो. कामाचा उरक दांडगा, म्हणून तुफान.

माझ्या पट्ट्या ठीक होत्या. मी त्याला विचारलं, "ओव्हनमध्ये नवी पट्टी एकटीच होती ना?"

"एकटी कशाला? जुन्या रबराच्या पट्ट्यांबरोबरच टाकली. ओव्हन काय दोनदा तापवायचा?"

झालं! जुन्या, चांगल्या रबरात म्हातारपण रोखणारं औषध असतं. आठवडाभर एकत्र तापलं की ते उडून शेजारच्या पट्टीत शिरतं. फुकट्या पाहुण्यासारखं ते स्वस्त रबर दुसऱ्याचं खाऊन टुणटुणीत राहिलं. हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. मला धड रागसुद्धा आला नाही.

मी त्या स्वस्त रबराची पट्टी ओव्हनमध्ये एकटीच ठेवून तापवली. आठवड्याने वाकवली तर बिस्किटासारखी तुटली. साहेबांच्या टेबलावर तुकडे ठेवले. तुफानचा चेहरा पडला. साहेबांनी एक तुकडा बोटांनी मोडून बघितला. म्हणाले, "तुझ्या दादाला सांग, हात बरे झाले की कामावर यायचंय म्हणावं."

दवाखान्यात वहिनी दादाला चमच्याने पाणी पाजत होती. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत गुंडाळलेले.

"दादा, सीलच खराब होतं. तू जास्त आवळलं नव्हतंस."

"आवळलं नव्हतंच. बोटांना कळतं की गं."

"मग गप्प का बसलास?"

"सील तुमच्याकडून पास झालेलं. म्हटलं, आमच्या चिमीने तपासलंय, ते चुकायचं नाही. म्हणजे माझेच हात चुकले असणार."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते थांबेना.

दादा बँडेजकडे बघत होता. "उगाच शिव्या घातल्या गं मी या हातांना," तो म्हणाला.