प्रत्येक ओळीचा पहिला शब्द

घरादाराला वाचायला लावायचा विडा उचलला होता मास्तरणीने, म्हणजे दादाच्या सुनेने. शाळेतल्या पोरांना पिडून तिचं समाधान होत नसावं, म्हणून तिने घरच्यांना आणि शेजारणीलाही वेठीला धरलं. फ्रिजवर तक्ता लागला. महिन्याला एक काम: कधी प्रवासाचं पुस्तक, कधी आपल्या वयापेक्षा जुनं, कधी दुसऱ्याने निवडून दिलेलं. ज्याचं वाचून होईल त्याच्या नावापुढे एक चांदणी. गोळीआत्याच्या नावापुढे पाच महिन्यांच्या पाच चांदण्या होत्या, आणि त्यांचा तिला वयाला न शोभेल इतका अभिमान होता.

गोळीआत्या ही दादाची धाकटी बहीण. एकतीस वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी. डॉक्टरांचं कोंबडीच्या पायांसारखं अक्षर ती एका नजरेत वाचायची. घरातल्या सगळ्यांच्या गोळ्याही तिच्याच हातून. दर शनिवारी ती दादाची आठवड्याची डबी भरायची, आणि दादा काही न विचारता गिळायचा.

सहाव्या महिन्याचं काम होतं, सगळ्यांनी एकच कादंबरी वाचायची आणि रविवारी दुपारी जमून एकेक पान मोठ्याने वाचायचं. कादंबरी आत्याला मुळीच आवडली नव्हती. वाक्यांना ना शेंडा ना बुडखा. हल्लीचे लेखक असंच लिहीत असतील, म्हणून तिने दात-ओठ खात संपवली. चांदणीचा प्रश्न होता.

तिची पाळी आली. मास्तरीण शेजारी बसून आपल्या प्रतीत बघत होती. आत्याने चार ओळी वाचल्या तशी शेजारीण हसली, दादाचा मुलगाही हसला. आत्याला चहाची घाई झालीय म्हणाले. मास्तरीण मात्र हसली नाही.

"आत्या, तुम्ही प्रत्येक ओळीचा पहिला शब्द सोडताय," ती हळूच म्हणाली.

जे छापलंय तेच वाचतेय, असं आत्याने ठणकावलं. मास्तरणीने तिचं बोट धरून ओळीच्या डाव्या टोकाला नेलं. तिथे शब्द होता. खालच्या ओळीलाही होता. बोट नव्हतं तेव्हा तो दिसत नव्हता, आणि त्याची जागा रिकामीही दिसत नव्हती.

चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं शेजारीण म्हणाली. आत्याने मान हलवली, पण तिचं डोकं भलतीकडेच धावत होतं. कादंबरी हातात घेऊन महिना झाला होता. म्हणजे निदान महिनाभर ती असंच वाचत होती. आणि गेल्याच आठवड्यात दादाची एक गोळी बदलली होती, हृदयाचे ठोके आवरणारी. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर काय होतं? 'गोळी, सकाळी.' दादाला विचारण्यात अर्थ नव्हता. डॉक्टरांसमोर तो नुसती मान डोलावतो आणि घरी येऊन कागद बहिणीच्या हाती देतो.

कागद डबीखालीच होता. तिने तो उघडला. गोळी, सकाळी. मग बोट पार डाव्या कडेला ठेवलं आणि हळूहळू सरकवलं.

अर्धी गोळी, सकाळी.

आठ दिवस दादा अख्खी गिळत होता.

तो खुर्चीत मान टाकून बसला होता. कादंबरीने झोपवलं म्हणून मघाशी सगळ्यांनी त्याची चेष्टा केली होती. आत्याने त्याचं मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मिनिटभर ठोके मोजले. अडतीस. पुन्हा मोजले, तरी अडतीसच. दादाला बरं वाटत नाही एवढंच म्हटलं असतं तरी घरच्यांनी त्याला दवाखान्यात नेलं असतं आणि तिचं नाव कुठे आलं नसतं. हा विचार आला, आणि त्याचीही तिला भीती वाटली.

"अँब्युलन्स बोलवा," ती म्हणाली. "मी त्याला दुप्पट औषध दिलंय. आठ दिवस."

मास्तरणीने फोन उचलला.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. नेमकं काय झालं ते आल्याआल्या सांगितलंत म्हणून बरं, ठोके वर येताहेत, म्हणाले. सुटणाऱ्या शब्दांचं ऐकून त्यांनी आत्याच्या मेंदूचीही तपासणी लगेच करायला सांगितली, हे डोळ्यांचं दुखणं नसावं म्हणाले. दादाने तिला आत बोलावून विचारलं की त्याचं पान वाचायचं राहिलं, तर चांदणी बुडाली का. सगळे हसले, मास्तरणीला तर रडूच फुटलं. आत्याला हसू आलं नाही. घरची चिठ्ठी एकच होती. दुकानात दिवसाला साठ-सत्तर यायच्या.

तपासणीला न्यायला नर्स आली. आत्याने तिला दोन मिनिटं थांबवलं आणि दुकानाच्या मालकांना फोन लावला.

"महिनाभरातल्या सगळ्या चिठ्ठ्यांच्या नकला काढा," ती म्हणाली. "गिऱ्हाइकांचे फोन नंबरही काढा. आणि वाचायला दुसरं कुणीतरी बसवा. मला काय दिसलं नाही, ते मला माहीत नाही."