केळीच्या खोडांवरची गाडी

गिरीज गावच्या आपल्या फ्लॉईडचं काय झालं ऐकलं का? ऐका, पण मध्ये बोलू नका, मग माझी लिंक तुटते.

त्याच्या पप्पांची, पॉल अंकलची, ती डॉल्फिन गाडी आठवते ना? वाडीत नारळाखाली उभी असायची, पिवळी, दोन दारांची. सगळी बॉडी फायबरची, पत्रा नावाला नाही. इंजिन कधीच मेलेलं. आणि अंकलचं डोकं असं झालेलं की स्वतःच्या पोराला विचारायचे, "कोण पाहिजे, भाऊ?" पण संध्याकाळी फ्लॉईड त्यांना धरून त्या गाडीत बसवायचा. ते स्वतः दार ओढायचे आणि दार लागायचं, टप्! इतर गाड्यांसारखं धाड नाही. टप्, पेटीचं झाकण बसल्यासारखं. की लगेच मान वळवून म्हणायचे, "फ्लॉईड, मम्मीला हाक मार, चर्चमध्ये मिस्साला उशीर होतोय."

बस, एवढंच. पाच मिनिटांनी परत "भाऊ". पण तो दिवसभर त्या पाच मिनिटांवर जगायचा रे.

आता झालं काय, दाराची बिजागरी जिथे बसते ना, तिथलाच फायबर तडकला. दार ओढलं की पांढरी पूड गळायची. फ्लॉईडची फाटली. एक दिवस दार पप्पांच्या हातात येणार आणि खेळ खलास! मग त्याने पाचूबंदरहून ऑगस्टीनमामाला बोलावलं. फ्लॉईडच्या मम्मीचा, लुसी आंटीचा सख्खा भाऊ, सगळा जन्म होड्यांना फायबर मारण्यात गेलेला.

मामा गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "गाडी काय नि होडी काय, फायबर तो फायबर. अशी करून देतो, पानीसुद्धा आत जानार नाय."

"समुद्रात नाय सोडायचीय ती," लुसी आंटी ओट्यावरून म्हणाली.

फ्लॉईड म्हणाला, "मामा, मी नेटवर बघितलं. बॉडी चासीवरून, खालच्या लोखंडी सांगाड्यावरून, काढू नका म्हणतात."

"नेटवाल्याने कधी होडी उलटी केलीय काय? आतून थर द्यायचा तर उलटीच करायला पायजे."

झालं. बोल्ट कापले, काचा काढल्या, दारं काढली. आम्ही सहा जणांनी बॉडी उचलली, आणि काय हलकी रे, टोपलीच! उलटी करून ठेवायची कशावर? लाकडाने पिवळा रंग घासेल. वाडीत केळी कापलेली होती, खोडं पडली होती, मऊ, गुळगुळीत. मामा एकदम खूश. "गादीच मिळाली!"

पॉल अंकल काठी टेकत आले, पिवळ्या बुडाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "लुसी, तुझ्या बापाची होडी इथे कोणी आणली?" आम्ही पोट धरून हसलो. फ्लॉईडसुद्धा हसला. तो तेव्हाच शेवटचा हसला.

मामाने घाई केली नाही हां. जाळीदार मॅट अंथरायची, त्यावर चिकट रेझिन लावायचं, सुकू द्यायचं, दुसऱ्या दिवशी पुढचा थर. होडीला देतात तसे जाड जाड थर. पण उन्हात केळीचं खोड टिकतंय होय? त्याला पाणी सुटलं. एका बाजूची खोडं रोज थोडी चेपत गेली, खाली चासी नसलेली ती टोपली रोज थोडी वाकत गेली, आणि मामा रोज आतून एक थर देऊन ते वाकणं पक्कं करत गेला. कुणाच्या लक्षात आलं नाही. उलट्या गाडीचं वाकडं कसं दिसणार?

इकडे संध्याकाळ झाली की अंकल नारळाखाली जायचे. नुसती चासी बघायचे आणि माघारी यायचे. फ्लॉईड म्हणायचा, "पप्पा, थोडेच दिवस."

शेवटी बॉडी सुलटी करून चासीवर ठेवली. एका बाजूचे बोल्ट बसले, दुसऱ्या बाजूची भोकं कुठल्या कुठे. दार लावायला गेलो तर वर दाराची कड चौकटीला अडतेय आणि खाली फटीतून माझा हात आरपार. फ्लॉईडने खांदा लावला, गुडघा लावला. मामाने बोटाने ठोकून बघितलं. दगड.

"कापून सरळ करता येईल?"

"कापली तर तुकडे, पोरा." मामा खाली बसला. "होडी असती तर चालली असती रे."

फ्लॉईड त्याच्यावर ओरडला नाही. दार कसंबसं बिजागरीला अडकवलं, सीट पुसली आणि पप्पांना आणून बसवलं.

अंकलनी दार ओढलं. ते घासलं आणि अर्ध्यावर अडकलं. परत ओढलं. परत. फ्लॉईडने बाहेरून दोन्ही हातांनी दाबून धरलं आणि, काय सांगू तुम्हाला, तोंडानेच म्हणाला, "टप्."

अंकलनी त्याच्याकडे बघितलं. नीट बघितलं. आम्हाला वाटलं, आता नावाने हाक मारणार.

"भाऊ," ते हळूच म्हणाले, "ही आमची गाडी नाय. आमच्या गाडीचं दार लागतं. मालक येईल, मला उतरू द्या."

फ्लॉईडने दार सोडलं, हात पुढे केला.

"या," तो म्हणाला. "सावकाश, अंकल."