पांढऱ्या कार्डापुढची काचेची नळी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची नळी आहे. जाडजूड, हातभर लांब, दोन्ही टोकांना लोखंडी कडी असलेली. टाकाऊ प्लॅस्टिकपासून पुन्हा नवं प्लॅस्टिक करणाऱ्या एका कारखान्यात, दोन लोखंडी पाइपांच्या मधोमध मला बसवलं आहे. लोखंडी पाइपांच्या पोटात काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही. ते दिसावं म्हणून मी. भोचकपणा हाच माझा धंदा आहे, असं कोणी म्हटलं तरी मी रागावणार नाही.

माझा जन्म भट्टीत झाला. तिथल्या कारागिराने मला उजेडापुढे धरून फिरवून फिरवून पाहिलं आणि गवतात गुंडाळून इकडे पाठवलं. कारखान्यात आले आणि माझे डोळेच विस्फारले. निळ्या, हिरव्या, तांबड्या बाटल्यांचे ढीग! शिवाय जुने चकचकीत शर्ट. तेही त्याच प्लॅस्टिकच्या धाग्याचे असतात, हे तुम्हाला माहीत होतं का? मला नव्हतं. यंत्र या सगळ्यांचे बारीक तुकडे करतं. मग ते तुकडे एका मोठ्या भांड्यात, एका दाट द्रवात शिजवतात. प्लॅस्टिक म्हणजे लांबच लांब साखळी. शिजलं की तिच्या कड्या सुट्या होतात आणि त्याच कड्या जोडून पुन्हा नवं प्लॅस्टिक करता येतं. रंग मात्र भारी चिवट. तो न बोलावता कड्यांबरोबर येतो. सगळे रंग एकत्र झाले की द्रव डबक्यातल्या पाण्यासारखा काळपट दिसतो.

पण माझ्या डोक्यावर एक उंच टाकी आहे आणि तिच्यात कोळशाचे दाणे भरलेले आहेत. हा चुलीतला साधा कोळसा नव्हे. याच्या अंगात इतकी बारीक छिद्रं असतात की रंगाचे कण त्यांत शिरतात आणि अडकून बसतात. वरून काळपट द्रव जातो आणि खाली माझ्यात उतरतो तो नितळ! एवढा रंग गिळूनही कोळसा दिसायला होता तसाच, काळा. मी किती वर्षं या गोष्टीचा विचार करत होते.

ही टाकी मावशी सांभाळतात. त्या नक्की कोणाच्या मावशी ते मला ठाऊक नाही, पण साहेबांपासून सगळे त्यांना मावशीच म्हणतात. त्यांनीच माझ्यामागे एक पांढरं कार्ड लावलं. द्रव माझ्यातून वाहत असताना कार्ड पांढरं दिसलं की माल पास. द्रव बाहेर काढून बघण्यात अर्थ नव्हता. गार होताच तो मेणासारखा गोठतो आणि गोठला की जरा पिवळा असला तरी पांढराच भासतो. म्हणून सगळ्यांची भिस्त माझ्यावर.

रोज सकाळी मावशी मऊ फडक्याने मला बाहेरून पुसत. आतून मात्र कधीच नाही.

"आतून कशाला? स्वच्छ झालेलाच माल जातो की हिच्यातून," असं त्या म्हणत. ते सगळ्यांना पटे. मलाही पटलं होतं.

मग एकदा कार्ड पिवळसर दिसू लागलं. कोळसा थकला असेल, म्हणून मावशींनी टाकी उपसून नवा कोळसा भरला. तरी पिवळं. पुन्हा उपसा, पुन्हा भरा. पिवळं ते पिवळंच. शेवटी साहेब आले. एक डोळा मिटून त्यांनी माझ्यातून पाहिलं.

"मावशी, असं किती दिवस चालायचं? उद्याही हेच दिसलं, तर रंगीत माल घेणं बंद. फक्त पांढऱ्या बाटल्या घेऊ."

"आणि रंगीत कुठं जायच्या, साहेब?"

"आधी जात होत्या तिथंच. कचऱ्यात."

रंगीत माल बंद म्हणजे टाकी बंद, आणि टाकी बंद म्हणजे मावशींचं काम बंद. मला फार वाईट वाटलं. मनातल्या मनात मी कोळशाला नाही नाही ते बोलले.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या. त्या इथल्या रसायनतज्ज्ञ. त्यांना प्रश्न विचारायची भारी खोड. 'या बाई जेवतानाही डब्याला चार प्रश्न विचारतील,' असं मावशी म्हणतात. ताई माझ्यासमोर उकिडव्या बसल्या.

"मावशी, आत्ता पाइपात काय आहे?"

"काही नाही. माल सोडलाय कुठं अजून?"

"मग कार्ड पिवळं का दिसतंय?"

मावशी लगबगीने आल्या. त्यांनी माझ्यातून पाहिलं. मग मान वाकडी करून, मला टाळून, थेट कार्डाकडे पाहिलं. ते पांढरं स्वच्छ होतं. पुन्हा माझ्यातून पाहिलं, तर पिवळं.

"अगं बाई! चोर सोडून संन्याशाला फाशी दिली की हो मी!"

मित्रांनो, चोर कोण ते तुम्ही ओळखलंच असेल. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोळशातून चुकून निसटलेला रंगाचा एखाददुसरा कण माझ्या आतल्या अंगाला चिकटत गेला होता, आणि इतका सावकाश की मला पत्ताच लागला नाही. जगच पिवळं झालंय, असं मी समजत होते.

मला खोलून काढलं. मावशींनी लांब दांड्याचा ब्रश घेतला, ताईंनी आत गरम द्रव ओतला. दोघी घासत होत्या, एकमेकींना सूचना देत होत्या आणि मधूनच हसतही होत्या. मी परत जागेवर बसले तेव्हा साहेब येऊन उभे होते. मावशींनी झडप उघडली. द्रव खाली उतरला आणि मागचं कार्ड पांढरंच राहिलं.

"वा! कुठला कोळसा घातलात आज?" साहेबांनी विचारलं.

"कालचाच," मावशी म्हणाल्या.

त्याच दुपारी रंगीत बाटल्यांची गाडी आत आली.

आता दर आठवड्याला मला आतूनही आंघोळ असते. मित्रांनो, तुमच्या घरची गाळणी, झाडू, फडकं हीसुद्धा माझीच भावंडं. ती दुसऱ्याला स्वच्छ करतात, म्हणून ती आपोआप स्वच्छ राहतात असं समजू नका. त्यांनाही कधीतरी धुवा. आणि एखादी गोष्ट मळकी दिसली, तर तिला नावं ठेवण्याआधी आपण कशातून बघतोय, तेही एकदा बघा.

परवा धुऊन झाल्यावर मावशींनी मला कार्डापुढे बसवलं आणि दोन पावलं मागे जाऊन बराच वेळ पाहत राहिल्या. मग पुढे येऊन मी जागेवर आहे ना, हे त्यांनी चाचपून पाहिलं.

"दिसतच नाहीस गं तू," त्या म्हणाल्या. एवढं कौतुक माझं आजवर कोणी केलं नव्हतं.