कॉम्प्युटर बंद ठेवलेली सकाळ

हॉस्पिटलचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या बाईंना एका प्रश्नानं पछाडलं होतं. कुणी बाहेरून हल्ला करून सगळे कॉम्प्युटर बंद पाडले, तर आधी काय अडेल? डॉक्टर म्हणत, "रिपोर्ट." हिशेबवाले म्हणत, "बिलं." बाईंना कुणाचंच पटेना. तहान लागल्यावर विहीर खणायची नाही, असं म्हणत त्यांनी मोठ्या डॉक्टरांकडे एक सकाळ मागितली. एका वॉर्डातले कॉम्प्युटर मुद्दाम बंद ठेवायचे आणि काय होतं ते बघायचं.

"चालत्या गाडीला खीळ घालता होय?" मोठ्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. पण जादा माणसं देऊन हो म्हणाले.

त्या वॉर्डाची मुख्य नर्स म्हणजे बाईंची नणंदच. ती म्हणाली, "वहिनी, मिक्सर बिघडला की तू आधी उघडून बसतेस. आता माझा वॉर्ड उघडणार?"

"उघडणार नाही वन्सं, बंद करून बघणार."

ठरल्या दिवशी कॉम्प्युटरचे पडदे काळे झाले. बाई कोपऱ्यात स्टूल टाकून बसल्या. नर्सनी कागद काढले, औषधं वेळेवर गेली, बिलांवाचून कुणाचं घोडं अडलं नाही. बाई जरा हिरमुसल्याच.

मग रक्ताचे रिपोर्ट हातानं लिहून आले. त्यावर नुसता खाटेचा नंबर, कारण नावाच्या चिकटपट्ट्या कॉम्प्युटरच छापायचा. एक डॉक्टर रिपोर्ट वाचून खिडकीजवळच्या आजोबांकडे इंजेक्शन घेऊन निघाले. नणंद आडवी आली.

"थांबा. हे रक्त यांचं नाही."

"खाट तर हीच लिहिलीय."

"खाट हीच, माणूस दुसरा. आधी इथे असलेल्या मास्तरांना खिडकीचा वारा सोसेना, म्हणून दोघांनी खाटा बदलल्या. रक्त त्याआधीच काढलं होतं."

बाईंच्या अंगावर काटा आला. अडलं काहीच नव्हतं. काम बिनबोभाट चाललं होतं, फक्त भलत्याच माणसाकडे. त्यांनी तिथल्या तिथे कॉम्प्युटर सुरू करून सगळे रिपोर्ट पडताळले. पुढे ठरलं, की मनगटावर आणि रक्ताच्या बाटलीवर नाव नि जन्मतारीख हातानं लिहायची. मग वेगळ्या जागी ठेवलेली माहितीची प्रत खरंच उघडते का, हेही बाईंनी बघितलं. अर्धीच उघडली! ती दुरुस्त होईपर्यंत त्यांना जेवण गोड लागेना.

काही महिन्यांनी खरंच हल्ला झाला. पडद्यापडद्यावर खंडणीची धमकी झळकली. हल्ला पसरू नये म्हणून बाईंनी भराभर कॉम्प्युटरच्या तारा काढायला लावल्या आणि वॉर्डांनी कागद काढले. तेवढ्यात पहारेकरी धापा टाकत आला.

"ताई, फाटकाचा दांडा वर जात नाही! ॲम्ब्युलन्स बाहेर उभी आहे!"

"फाटकसुद्धा?" बाई धावल्या. दोघांनी पाना घेऊन दांडाच काढून टाकला. गाडी आत गेली, तरी बाई फाटकाच्या पेटीत डोकं घालून तार कुठे जाते ते शोधतच होत्या.

"वहिनी, आधी आत ये!" नणंद दारातून ओरडली.

खंडणी कुणी दिली नाही. या वेळी प्रत पूर्ण उघडली आणि वॉर्ड एकेक करून सुरू झाले. कुणाला भलतं औषध गेलं नाही. कागदावरच्या नोंदींचा ढीग मात्र पुन्हा कॉम्प्युटरवर चढवायचा होता. नणंदेनं त्यातला निम्मा वहिनीपुढे सरकवला आणि आपला चष्मा पुसत शेजारी खुर्ची ओढली.