पाठ कुणाची

त्या सिनेमात रम्यलताबाई नदीत अंघोळ करतात ना, ती पाठ माझी आहे. बाई कोलंबोच्या, वाहत्या पाण्याला घाबरायच्या. आमचं गाव महावेलीच्या काठी. छातीवर कापड बांधून आम्ही सगळ्याच बायका नदीत नाहायचो, कुणी वळूनही बघत नसे. मी तशीच नाहले, फक्त पाठीमागे कॅमेरा होता. तेव्हा मी अठरा वर्षांची होते.

सिनेमा कँडीत लागला आणि माझं ठरलेलं लग्न मोडलं. डाव्या खांद्यावर भाजल्याचा मोठा डाग आहे, तो होणाऱ्या सासूनं थेटरात बसल्या बसल्या ओळखला. ‘‘सगळ्या मुलखानं पाहिलेली सून आम्हाला नको,’’ म्हणाली. स्वतः रोज माझ्या शेजारीच नाहायची की! पुढे कुणी मागणी घातली नाही. मग मधे त्याच अंघोळीची पोस्टरं ‘फक्त प्रौढांसाठी’ म्हणून भिंतीभिंतीवर लागली, तेव्हा सख्खा भाऊही माझ्याबरोबर रस्त्यानं चालेना.

आता म्हणे ती कला झाली. शिव्या खायच्या होत्या तोवर पाठ माझी होती, हारतुऱ्यांची वेळ आली तशी बाईंची झाली. परवा कोलंबोत तो सिनेमा दुरुस्त करून दाखवणार होते, बाईंचा सत्कारही होता. भाचीला म्हटलं, मला ने. ती पाठ कुणाची, हे एकदा चारचौघांत सांगितलं जावं, एवढंच मला हवं होतं.

अंघोळ आली. खांदा लख्ख. डागच नाही.

सिनेमा संपल्यावर मी उठून विचारलं, ‘‘खांद्यावर डाग होता, तो कुठं गेला?’’

‘‘अरे वा, आजी! बरोबर पकडलंत,’’ दुरुस्ती करणारा तरुण खूश झाला. ‘‘बाकी कुठल्याच सीनमध्ये मॅडमच्या खांद्यावर डाग नाही. मेकअपवाल्याची चूक असणार. आम्ही पुसून टाकली.’’

‘‘चूक नव्हे ती. तो खांदा माझा आहे.’’

लोक हसले. शहात्तर वर्षांची म्हातारी, काठी टेकून असलं काही बोलते म्हटल्यावर हसणारच. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी मला ओळखलं होतं, क्षणभर नजर खाली गेली. मग माइक घेऊन गोड आवाजात म्हणाल्या, ‘‘अगंबाई, ही तर आमची पोडिमेनिके! शूटिंगला माझे कपडे सांभाळायची. फार गुणी पोर!’’

टाळ्यांचा कडकडाट झाला. भाची कानाशी लागली, ‘‘मावशी, नमस्कार कर ना, सगळे बघताहेत.’’

मी हात जोडले.