बटण दोनदा दाबायचं होतं

काचेच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला आणि हिशेब ठेवणाऱ्या ताईच्या हातातली पेन्सिल सुटली. पूर्वी चार भट्ट्यांचा तक्ता हाताने करायला दोन दिवस लागत. एक आकडा बदलला की खोडरबर घेऊन बसायचं. आता पडद्यावर एका चौकटीत आकडा बदलला की बाकीच्या चौकटी मशीनच बदलून देई. साहेबांना तर नवं खेळणंच मिळालं. "असं केलं तर? तसं केलं तर?" दिवसभर हाच धोशा.

मशीन मात्र महा मंद. प्रत्येक आकड्याला अडून बसे. म्हणून ताई आधी सगळे आकडे भरून घेई आणि मग गणिताचं बटण दाबी. तेही दोनदा. मशीन वरून खाली मोजत येई आणि प्रत्येक भट्टीची एकूण तूटफूट तिने सगळ्यात वर मांडली होती, त्यामुळे पहिल्या खेपेला वर जुनेच आकडे राहत.

सगळ्यात जास्त तूटफूट असलेली एक भट्टी बंद करायचं ठरलं, त्या दिवशी साहेब डोक्यावर उभे होते. ताईने घाईघाईत एकदाच दाबलं आणि कागद छापून दिला. सगळ्यात जास्त तूटफूट दोन नंबरची निघाली. तिथला फोरमन तिचा सख्खा धाकटा भाऊ.

दोन नंबरची भट्टी आज बाराला विझवायची होती. अकराला ताईने तोच तक्ता सहज उघडला, बटण दाबलं. वरचे आकडे हलले. आता तीन नंबर पुढे होती. 

ती धावत साहेबांकडे गेली.

"दाबाल तसं उत्तर बदलत असेल तर खरं कुठलं मानायचं?" साहेब म्हणाले. "त्यातून भाऊ तुमचा. हाताने करून दाखवा."

"दोन दिवस लागतील, साहेब. भट्टी गार झाली की आतल्या विटा तडकतात. मग ती पुन्हा पेटत नाही."

"दोन दिवस लागतात म्हणून तर मशीन घेतलं."

ती पेन्सिल घेऊन बसली. बाराचा भोंगा झाला तेव्हा पाचवीच ओळ चालू होती.

थोड्या वेळाने भाऊ आला. हातमोजे तिच्या टेबलावर ठेवून म्हणाला, "माणसं भांडायला निघाली होती. मीच आवरलं. म्हटलं, ताईचं मशीन आहे, ते कशाला कुणावर राग धरेल?"

ताईला रडू आवरेना. "मशीनचं काही चुकलं नाही रे. माझं चुकलं. बटण दोनदा दाबायचं होतं, मी एकदाच दाबलं."

त्याने कीबोर्ड तिच्यापुढे सरकवला.

"मग आता दाब," तो म्हणाला.