कळपामागची बानूबाई

"एक कमी हाय," बानूबाई म्हणाली आणि कुणी काही बोलायच्या आत बाभळींच्या दिशेने चालूही लागली.

पुण्याच्या कॉलेजातली काही मुलं दर रविवारी केंदूरच्या माळावर आपली उडती यंत्रं घेऊन यायची. तळहाताएवढी यंत्रं, प्रत्येकाला चार पंखे. ती कुणी हाताने चालवत नव्हतं. एकदा सोडली की आपापसात बोलून, एकमेकांना सांभाळून त्यांनी एकत्र उडायचं, असं ठरलेलं होतं. पण ठरलेलं ऐकेल तर ते यंत्र कसलं! एखादं भरकटायचं, एखादं दमून काट्यांत पडायचं. ती हुडकून आणायला मुलांनी बानूबाईला रोजावर घेतलं होतं.

बाईचा जन्म मेंढरांमागे गेलेला. दिवाळी सरली की कोकणात उतरायचं, पावसाच्या तोंडाला परत फिरायचं. पुढे लेकाला, पप्पूला, शिक्रापूरच्या कंपनीत नोकरी लागली. आईचे हाल नकोत म्हणून त्याने मेंढरं विकली आणि घराला फरशी घातली. सून पूनमही भली. आत्याबाई, आता बसून खावा, म्हणायची. सगळं चांगलंच झालं होतं, त्यामुळे तक्रार करायचीही सोय नव्हती. बानूबाई उंबऱ्यात बसून रस्त्याकडे बघायची आणि तिचा जीव तळमळायचा.

त्यात ही यंत्रं आली. पहिल्या दिवशी त्यांच्यामागे चालताना तिला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. पडलेलं यंत्र ती पदरात घेऊन यायची, कोकरू आणावं तसं. मुलं आधी हसली, मग मावशी म्हणायला लागली. त्यांची म्होरकी स्नेहल. तिने एकदा बानूबाईच्या टाचेतला काटा स्वतः काढला.

"मावशी, थोडं थांबा. तुमची ही पायपीट मी संपवतेच," ती काटा काढताना म्हणाली.

"माझं काय न्हाई गं," बानूबाई म्हणाली. पोर काय म्हणतेय ते तिला कळलं होतं. पुढचे रविवार तिने धास्तीतच काढले.

होळीनंतरच्या रविवारी यंत्रं उडाली, टेकडीपर्यंत गेली. बानूबाई नेहमीसारखी खालून निघाली. टेकडीवर एक मागे पडलं, तसा तिने पाय झपझप उचलला. पण वरची सगळी हवेतच थबकली. मागचं हेलकावे खात त्यांच्यात येऊन मिसळलं, मग सगळी मिळून तिच्या डोक्यावरून परत फिरली. बानूबाई परत पोचली तेव्हा एकूण एक यंत्र ताडपत्रीवर बसलेलं होतं आणि मुलं एकमेकांना मिठ्या मारत होती.

"मावशी, आता तुम्ही निवांत घरी बसायचं," स्नेहल म्हणाली.

बानूबाईने तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. पोरीवर रागवायचं कशासाठी? लेकानेही असंच मायेने घरी बसवलं होतं. सामान गाडीत चढलं. स्नेहलने दार उघडून धरलं, घरी सोडते म्हणाली.

"तुमी व्हा फुडं," बानूबाई म्हणाली. "मी येते मागनं."

गाडी निघाली. ती धुळीतून मागे चालत राहिली. गाडी दिसेनाशी झाली, घराकडचा फाटा आला आणि गेला, तरी ती चालतच होती.